ठेचेची चाल

बन्सीलाल पाटील मूळचे कोरीटचे, पण विजेच्या खात्यात नोकरी लागली आणि ते नागपूरला गेले ते तिथलेच झाले. गावी यायचे ते कुणी वारलं की. दोन दिवस राहायचे आणि परत जायचे. लग्नांना मात्र कधी जमलं नाही. कधी रजा नसे, कधी बायकोचं आजारपण. त्यामुळे जवळजवळ पन्नास वर्षं जी चाल सगळ्या खानदेशाच्या पायात होती, ती त्यांच्या कानावर कधी आलीच नव्हती.

यंदा फेब्रुवारीत मोठ्या भावाच्या नातीचं, काजलचं लग्न होतं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं, घरात एकट्याला करमत नव्हतं, म्हणून ते चांगले पंधरा दिवस राहायचं ठरवून आले. हळदीच्या दिवशी चार वाजता बँडची गाडी गल्लीत लागली. बन्सीलाल निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. हातात चहा होता. गाडीवर बेंजो वाजवणारा मिथुन नावाचा माणूस होता. त्यानं दोन-चार सिनेमातली गाणी वाजवली, मग थोडा थांबला आणि बेंजोच्या वरच्या पट्टीत एकदम सूर सोडले.

जेवणाच्या पंक्तीतून बायका उठल्या. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठली. सगळे गल्लीभर पसरले आणि नाचायला लागले. तीन पावलं पुढे, आणि चौथ्याला ठेच लागल्यासारखा पाय अडवायचा, अंग थोडं झुकवायचं आणि पुन्हा पुढे. शंभरेक माणसांना एकाच वेळी ठेच लागत होती आणि एकाच वेळी ती सावरत होती.

बन्सीलालांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते सूर त्यांना माहीत होते. नुसते माहीत नव्हते, विसाव्या वर्षी त्यांनी ते इतके ऐकले होते की अजून कधीतरी पहाटे जाग येताना ते मनात आधी येत आणि दिवस नंतर. पण ते सूर त्यांचे एकट्याचे होते. इथं गल्लीत, हळदीनं पिवळ्या झालेल्या लोकांच्या पायांत ते आले कसे, हे त्यांना कळेना. क्षणभर त्यांना वाटलं, आपण खुर्चीत डुलकी घेतोय.

काजलचा भाऊ भाग्येश घामाघूम होऊन पाणी प्यायला आला. तो शहाद्याला औषधांच्या दुकानात बसतो. बन्सीलालांनी त्याला विचारलं, हे कुठलं गाणं?

भाग्येश हसला. गाणं नाही, म्हणाला, ही ठेच. नंदुरबारच्या जाहिदभाईंची चाल. ठेच वाजल्याशिवाय हळद लागतच नाही. शहाद्यापासून दोंडाईच्यापर्यंत सगळे बँडवाले वाजवतात, सुरतेला आपली माणसं राहतात तिथंही वाजते. जाहिदभाईंना म्हणे ती तरुणपणी सपनात सापडली.

 त्या संध्याकाळी पंगत आटोपल्यावर बन्सीलालांनी भाग्येशला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं.

सत्तर साली, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यात होतं तेव्हा, रनाळ्याला एक अमेरिकन तरुण येऊन राहिला होता. लोकांना सुधारलेल्या कोंबड्या पाळायला शिकवायचं त्याचं काम होतं. नाव टॉम, लोक टामभाऊ म्हणत. बन्सीलाल तेव्हा बडोद्याला शिकत होते. सुट्टीत घरी आले की त्याच्या मागे मागे फिरून त्याचं इंग्रजी लोकांना आणि लोकांची अहिराणी त्याला समजावून देत. दीड वर्षात त्याच्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या मानमोडीच्या साथीनं सगळ्या गेल्या. परत जाताना टामभाऊ फार खजील झाला होता. त्यानं बन्सीलालांना सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर दिला आणि एक मोठी तबकडी दिली. बाकीच्या तबकड्या उन्हानं वाकल्या होत्या, तेवढी एकच धड राहिली होती.

पन्नासच्या दशकातली तबकडी होती ती, रॉक अँड रोल नुकतं कुठे बाळसं धरत होतं तेव्हाची. पिवळ्या जाकिटावर डोळे मिटून गिटार वाजवणाऱ्या काळ्या तरुणाचा फोटो होता. पहिलंच गाणं सुरू व्हायच्या आधी तो गिटारवर बारा-पंधरा सूर असे सोडायचा, की कुणीतरी जिन्यावरून धावत खाली येतंय. टामभाऊनं सांगितलं होतं की याच्यासारखं याच्याआधी कुणी वाजवलं नाही आणि याच्यानंतर सगळे असंच वाजवायला लागले. बन्सीलालांना ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. माडीवरच्या खोलीत दार लावून ते दिवसभर तेवढंच गाणं लावायचे. वडील खालून ओरडायचे. पुढे बडोद्याला जाताना त्यांनी ते सगळं इथंच ठेवलं, आणि परीक्षा, नोकरी, लग्न, बदल्या यांत पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यांनी गायकाचं नाव सांगितलं तसं भाग्येशनं मोबाइलवर शोधलं. पिवळं जाकीट लगेच आलं. खाली पानंच्या पानं लिहिलेली होती. समुद्राच्या दोन्ही बाजूंच्या किती तरी गटांनी गिटारचा पहिला धडा या एका तबकडीवरून कसा घेतला, तिची मूळ प्रत आता लोक काचेत कशी ठेवतात, वगैरे. भाग्येशनं गाणं लावलं. जिन्यावरून कुणीतरी धावत खाली आलं.

ते संपल्यावर भाग्येश म्हणाला की चाल तीच आहे, यात शंका नाही, पण एक गोष्ट वेगळी आहे. याच्यात ठेच नाही. हा सरळ धावत खाली येतो.

बन्सीलालांनी पुन्हा लावायला सांगितलं. खरंच, सूर न अडखळता गेले. आणि त्यांच्या ध्यानात आलं की त्यांच्या स्वतःच्या आठवणीतही ते सूर अडखळत होते. नेमक्या त्याच जागी सुई उडायची, एक ठोका गिळायची आणि पुढे जायची. त्यांच्या तबकडीवर ओरखडा होता.

शेजारी कौसाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या काजलच्या आजी, म्हणजे बन्सीलालांच्या वहिनी. वयानं दोघं बरोबरीची. सत्तर साली त्या नव्या नवरी होत्या. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. आता हातातला लसूण परातीत ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या,

"ठेच नही ती, भाऊ. ती मन्ही बांगडी शे."

मग त्यांनी सांगितलं. एका दुपारी बन्सीभाऊ शेतात गेले होते आणि माडीवर तबकडी फिरत राहिली होती. कौसाबाई वाळवण आणायला वर गेल्या. त्या काळ्याभोर चकतीवर उजेड नुसता थांबून राहिला होता, खाली सगळं फिरत होतं आणि उजेड जागचा हलत नव्हता. तो बोटाला लागतो का, हे बघायला त्यांनी हात पुढे केला. बांगडी टेकली. खर्र झालं. त्या पळत खाली आल्या आणि आठ दिवस जीव मुठीत धरून राहिल्या, पण कुणी काही बोललं नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी भावाच्या लग्नात त्यांनी माहेरी पहिल्यांदा ती चाल ऐकली. अडखळण्याची जागा आली तसा त्यांचा हात आपोआप मनगटाकडे गेला. तेव्हापासून प्रत्येक हळदीत त्यांनी ती ऐकली होती आणि प्रत्येक वेळी ओळखली होती.

बन्सीलालांनी विचारलं, इतकी वर्षं कुणाला सांगितलं कसं नाही?

"कोणले सांगू, आनि काय सांगू?" कौसाबाई म्हणाल्या. "सारं गाव नाचे. माले बरं वाटे."

तबकडीही त्यांच्याकडेच होती. पत्र्याच्या पेटीत, दोन गाद्यांच्या मध्ये. त्यांनी ती काढून आणली. जाकिटाचा पिवळा रंग उडून सायीसारखा झाला होता. गाद्यांकडे बघूनच त्यांना उरलेली गोष्ट आठवली. त्या गाद्या नंदुरबारच्या पिंजाऱ्यानं भरलेल्या होत्या, हारुनभाईनं. दर दोन वर्षांनी तो धनुकली घेऊन यायचा आणि खळ्यात बसून कापूस पिंजायचा. बांगडी टेकली त्या वर्षी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत होता. मुलाला हिवताप भरला. चालता येईना, म्हणून चार दिवस त्याला तिथंच, पिंजलेल्या कापसावर निजवलं होतं. त्या मुलाचं नाव जाहिद होतं. खळ्याच्या बरोबर वर माडीची खिडकी होती.

काजल सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी तिघं नंदुरबारला निघाले. भाग्येशच्या एका मित्राकडे, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो त्याच्याकडे, सुटकेससारखा उघडणारा नवा रेकॉर्ड प्लेअर होता. तो त्यानं मागून आणला होता. दुपारची वेळ होती. शहराजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या लागल्या. लांबच लांब लाल शेतं, त्यांच्यावर थरथरणारी हवा, आणि तोंडाला कापड बांधून मिरच्या उलटणाऱ्या बायका. गाडीच्या काचा बंद असूनही तिघांच्या डोळ्यांना पाणी आलं. भाग्येश उत्साहात होता. जाहिदभाईंना तबकडी ऐकवतानाचा व्हिडिओ काढायचा, लोकांना कळू दे की आपली ठेच कुठून आली, असं तो म्हणत होता. कौसाबाई बाहेर बघत होत्या. बन्सीलालांना मात्र जसजसं शहर जवळ येत होतं तसतसं वाटू लागलं होतं की आपण कुणाच्या तरी घरातली वस्तू मागायला निघालो आहोत.

दार जाहिदभाईंच्या मुलीनं, कहकशाँनं उघडलं. ती उर्दू शाळेत शिक्षिका होती. वडील दुपारची, जोहरची नमाज पढत होते, म्हणून तिनं पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवलं. बन्सीलालांना लपवून ठेवणं जमेना. त्यांनी तिला हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

कहकशाँ ऐकत गेली तशी गंभीर झाली. तिनं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, बेंजो बंद झाला. बँड मिथुनला दिला. लोक अजून भेटायला येतात आणि सपनाची गोष्ट ऐकून जातात. अब्बा ती सांगतात आणि त्यांचा चेहरा उजळतो.

"त्यांच्याजवळ तेवढंच राहिलंय," ती म्हणाली. "ते नका नेऊ."

भाग्येशनं मोबाइल खिशात घातला. कौसाबाई म्हणाल्या, नही नेवाऊ. मग सगळ्यांनी ठरवलं की चहा घ्यायचा, तब्येत विचारायची आणि निघायचं.

जाहिदभाई भिंतीला धरून बाहेर आले. पांढरी दाढी, हसरे डोळे. कोरीटचं नाव ऐकताच ते कौसाबाईंकडे बघत राहिले आणि एकदम खाली बसून त्यांच्याशी अहिराणीत बोलू लागले. खळं, विहीर, त्यांनी ताटलीतून दिलेली भाताची पेज, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. मग न विचारताच ते सपनावर आले.

तापात त्यांना वाटत होतं की आपण ढगावर पडलोय. वर, आणखी वरच्या ढगावर एक माणूस धनुकली घेऊन बसलेला. तो तिच्या ताणलेल्या तातीवर हात मारायचा आणि कापसाऐवजी सूर उडायचे. पांढरे, हलके, अंगावर येऊन बसणारे. मध्येच त्याचा हात अडखळायचा आणि तो पुन्हा सुरू करायचा. चार दिवस तो थांबला नाही. ताप उतरला तेव्हा वरून काहीच येत नव्हतं. पुढे बेंजो हातात आला, आणि पहिल्याच आठवड्यात बोटांनी ते सूर आपले आपण शोधले.

"त्या माणूसले मी सारा जलम धुंडाळं, भाभी," ते म्हणाले. "पुन्हा कवय दिसना नही."

 कहकशाँ खाली मान घालून पेले गोळा करत होती. कौसाबाई बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसल्या. शेवटी त्यांनी कहकशाँकडे पाहिलं. परवानगी मागत होत्या की माफी, ते बन्सीलालांना कळलं नाही.

"जाहिदभाऊ," त्या म्हणाल्या, "तो माणूस मन्ही पिशवीमां शे."

मग त्यांनी आपल्या बांगडीपासून सुरुवात केली. माडीवरचा उजेड सांगितला, ओरखडा सांगितला, माडीची खिडकी सांगितली. चूक माझ्या हातची आहे, असं दोनदा म्हणाल्या. जाहिदभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी तबकडी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो ओरखडा शोधला.

"वाजाडा," ते म्हणाले.

भाग्येशनं प्लेअर स्टुलावर ठेवला. आधी नुसती खरखर आली, पावसात पत्र्याचा आवाज येतो तशी. जाहिदभाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते पुढे सरकले आणि दोन्ही तळवे प्लेअरच्या कडेला लावून बसले. जिन्यावरून कुणीतरी धावत निघालं. अडखळलं. सावरलं. जाहिदभाईंनी डोळे मिटले. गाणं सुरू झालं, संपलं, दुसरं लागलं, तरी त्यांनी हात काढले नाहीत. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन तबकडीवर बसलं होतं आणि जागचं हलत नव्हतं. किती वेळ गेला ते कुणालाच सांगता आलं नसतं. बन्सीलालांना वाटलं, आपण वीस वर्षांचे आहोत आणि खाली खळ्यात कुणीतरी तापानं फणफणलेलं निजलंय, आणि हे आपल्याला आज कळतंय.

बाजू संपली. जाहिदभाई डोळे उघडून म्हणाले, "त्यानं नाव काय?"

बन्सीलालांनी सांगितलं. जाहिदभाईंनी ते नाव तीन-चार वेळा घोळवलं, नीट येईपर्यंत.

"शे का तो?"

तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, असं भाग्येशनं सांगितलं. जाहिदभाईंनी दोन्ही हात छातीपुढे उघडे धरले. उजव्या हाताची दोन बोटं तशीच ताठ राहिली. ओठ हलले, मग त्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. कहकशाँ त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. त्यांनी न वळता तिला सांगितलं की रडायचं कारण नाही. सपन आपलं एकट्याचं असतं, तिथं दुसऱ्यांदा जाता येत नाही. हा माणूस तर राहत होता, खात-पीत होता, याला गाव होतं. आता विचारता येईल, कुठला होता, कुणाकडे शिकला.

मग त्यांनी तबकडी उलटी केली आणि नवल वाटल्यासारखे थांबले. मागेही रेघा होत्या.

"हाई बाजू तवय काबर नही वाजाडी?" त्यांनी बन्सीलालांना विचारलं.

बन्सीलाल ओशाळले. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, म्हणाले, त्या बाजूला संथ गाणी आहेत, मला ती कंटाळवाणी वाटायची.

ती बाजू लावली. त्यातलं तिसरं गाणं फारच सावकाश होतं. गिटार एकेक सूर सोडत होती आणि मध्ये एवढी मोकळी जागा ठेवत होती की बाहेरच्या गल्लीतल्या सायकलची घंटी त्यात मावत होती. जाहिदभाईंनी ते पाच वेळा लावायला लावलं. पाचव्यांदा त्यांचा डावा हात गुडघ्यावर हलत होता, आणि उजव्या हाताची जी तीन बोटं वळत होती तीही. इतक्या सावकाश गाण्याला तीन बोटं पुरतात, असं ते स्वतःशीच म्हणाले. तबकडी तिथंच ठेवून तिघं संध्याकाळी कोरीटला परतले. व्हिडिओ भाग्येशनं काढला नव्हता.

पुढचं बन्सीलालांना नागपूरला फोनवरून कळत गेलं. जाहिदभाईंनी मिथुनला बोलावून सगळं खरं सांगितलं आणि गायकाचं नाव पाठ करून घेतलं. मिथुननं मूळचं सरळ गाणं ऐकलं आणि रनाळ्याच्या एका लग्नात ठेच काढून तसं वाजवून पाहिलं. लोक न चुकता त्याच जागी अडखळले, एकमेकांवर आदळले आणि बँडवाल्यांवर चिडले. त्यानं पुन्हा तसं केलं नाही.

मेच्या शेवटी कहकशाँनं बन्सीलालांना एक ध्वनिमुद्रण पाठवलं. नंदुरबारमधल्याच एका लग्नातलं, मुलीच्या पाठवणीच्या वेळचं. अब्बांना खुर्चीवर बसवून नेलं होतं, एवढंच तिनं लिहिलं होतं. बन्सीलालांनी ते गच्चीवर बसून ऐकलं. आधी माणसांचा गलका होता, गाडीचं दार आपटल्याचा आवाज होता, एक बाई रडत होती. मग बेंजोचा एक सूर आला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा. तिसरा चुकला, आणि कुणीतरी हळूच "आस्ते, अब्बा" म्हणालं. चौथा बरोबर लागला. गलका हळूहळू कमी झाला. रडणारी बाई तेवढी रडत राहिली, आणि प्रत्येक दोन सुरांच्या मध्ये तिला पुरेशी जागा होती.

बन्सीलालांनी ते संपेपर्यंत ऐकलं आणि कोरीटला फोन लावला. कौसाबाईंनी उचलला. त्यांनाही आलं होतं. भाग्येशनं ऐकवलं होतं.

"कसं वाटलं, वहिनी?" बन्सीलालांनी विचारलं.

 तिकडे मागे अंगणात कुणीतरी पाणी शिंपडत होतं, त्याचा आवाज येत होता. मग कौसाबाईंनी विचारलं की दिवाळीला तरी येणार ना, की कुणी मरायची वाट बघणार. बन्सीलाल म्हणाले, येईन.